पिस्टनवाल्यांना वाऱ्यावर सोडू नका

जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरच्या ऑरिक औद्योगिक नगरीतल्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, तेव्हापासून आपल्या शहरात एकच बोललं जातं: पिस्टनचे दिवस भरले. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेलचा निदेशक म्हणून उमेदीची वर्षं घालवलेल्या मला हे पटत नाही. मुळात तो करार इलेक्ट्रिकसोबत हायब्रिड गाड्यांचाही आहे, आणि हायब्रिडमध्ये इंजिन असतंच.

पिस्टन म्हणजे सिलिंडरमध्ये सरकणारा दट्ट्या. पेटलेल्या वायूचा दाब त्याला खाली रेटतो, कनेक्टिंग रॉड ती सरळ चाल क्रँकपर्यंत नेतो आणि क्रँक गरगर फिरतो. सहा हजार आरपीएमला ही खाली-वर सेकंदाला शंभरदा होते. दिसायला पिस्टन गोल, पण मायक्रोमीटर लावा: कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनच्या दिशेने तो किंचित कमी भरतो आणि माथा बुडापेक्षा बारीक असतो. अ‍ॅल्युमिनियम तापलं की फुगतं, माथा सर्वांत जास्त तापतो. गरम झाल्यावर तो सिलिंडरमध्ये नेमका बसावा म्हणून ही घडण. फट कमी पडली तर इंजिन जाम, जास्त झाली तर ऑइल जळून निळा धूर. बोअरिंगवाला कारागीर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हा हिशेब रोज सांभाळतो.

हे कसब इंजिनापुरतं नाही. इलेक्ट्रिक स्कूटरचा डिस्क ब्रेक दाबा, पॅड डिस्कवर दाबणारा पिस्टनच असतो. जेसीबीचा हात तेलाच्या दाबावर पिस्टनच उचलतो. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरमध्ये उलटं घडतं: मोटर पिस्टन हलवते आणि पिस्टन हवा दाबतो. वाळूज-चिकलठाण्यातल्या कारखान्यांतले हायड्रॉलिक प्रेसही जेसीबीसारखे तेलाच्या दाबावरच चालतात.

१९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. तिथे बनलेल्या गाड्या रस्त्यावर चालत्या ठेवल्या त्या हेच कसब असलेल्या गल्लीबोळांतल्या गॅरेजवाल्यांनी. त्यांच्यासाठी आयटीआयमध्ये संध्याकाळचे वर्ग सुरू करा. हायड्रॉलिक्स, न्यूमॅटिक्स, बॅटरी हाताळताना घ्यायची काळजी, एवढं शिकवा. प्रवेशासाठी दहावीची गुणपत्रिका मागू नका. हातात पिस्टन आणि मायक्रोमीटर द्या. जो अचूक मोजेल, त्याला घ्या. सरकार नव्या कारखान्यांना सवलती देतं, त्यात या प्रशिक्षणाचा खर्च उचलण्याची अट घालावी. कारखान्यांनाही तयार हात मिळतील, आणि ते याच शहरातले असतील.