लाल शाईला भिऊ नका



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी सकाळी आमच्याच वस्तीतली एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. तिची आई मला भाऊ मानते, म्हणून मी तिचा मामा. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत ऐंशी पानांचा गठ्ठा आणि चेहरा उतरलेला.

"मामा, सरांनी तीन महिन्यांनी प्रकरण परत दिलं. बघा ना."

मी गठ्ठा चाळला. पाने कोरी करकरीत. फक्त पहिल्या पानाच्या कोपऱ्यात दोन शब्द होते : 'भाषा सुधारा.'

ही मुलगी पीएच.डी. करते. विषय आहे अमरावती-अकोला भागातील जिनिंग-प्रेसिंगमध्ये राबणाऱ्या स्त्रियांची मजुरी. तिच्या आईने स्वतः वीस वर्षे रुई-सरकीच्या धुळीत काढली. घरात कॉलेजची पायरी चढलेली ही पहिलीच. भाषा सुधारा म्हणजे नेमके काय सुधारा? कोणत्या पानावरची कोणती ओळ? ज्यांच्या घरी काका प्राध्यापक आणि आत्या वकील असते, त्यांना हे जेवता जेवता कळते. आपल्या लेकरांनी कोणाला विचारावे?

मी काही प्राध्यापक नाही. बी.कॉम. झालेला कारकून आहे. पण मसुदा तपासणे हा माझा रोजचा धंदा आहे. नोकरीला लागलो तेव्हा मी लिहिलेले पहिले पत्र मोठ्या बाबूंनी लाल करून परत दिले होते. एक ओळ शाबूत नव्हती. मी खाली मान घालून उभा राहिलो. ते म्हणाले, "अरे, लाल आहे म्हणजे मी वाचलं आहे. ज्या दिवशी न वाचता सही करीन, त्या दिवशी रड." हे वाक्य मी आजवर विसरलो नाही. त्या मुलीलाही मी तेच सांगितले. कोरे परत आलेले पान म्हणजे शाबासकी नव्हे. पुष्कळदा ते कोणी वाचलेलेच नसते.

मग मी ते प्रकरण ठेवून घेतले. रोज बडनेऱ्याहून अकोल्याला गाडीने जाणे-येणे आहे. जागा मिळाली की मूर्तिजापूर येईपर्यंत चार-पाच पाने होत. गाडीच्या हिसक्याने पेन्सिलीच्या रेघा वाकड्या होत, पण काम सरळ होत होते.

हाताने दुरुस्ती करण्याच्या काही खुणा पूर्वीपासून ठरलेल्या आहेत. छापखान्यात मुद्रितशोधन करणारे त्या वापरतात. शब्द सुटला असेल तर दोन शब्दांच्या मधे खाली टोपीसारखी खूण करून वर शब्द लिहायचा. तिला हंसपद म्हणतात, कारण ती हंसाच्या पावलासारखी दिसते. जुन्या हस्तलिखित पोथ्यांतही ही खूण सापडते. त्या काळी चुकलेल्या अक्षरावर हरताळ नावाच्या पिवळ्या खनिजाचा लेप देत, म्हणजे अक्षर झाकले जाई आणि वर नवे लिहिता येई. आपण 'हरताळ फासला' म्हणतो ते तिथूनच आले. आपल्याला मात्र हरताळ फासायचा नाही. नको असलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारावी, खालचा शब्द वाचता आला पाहिजे. कारण उद्या वाटू शकते की मूळचाच शब्द बरा होता. तसे वाटले तर त्या शब्दाखाली टिंबे द्यायची. त्याचा अर्थ, हा राहू द्या. दोन शब्दांची अदलाबदल करायची असेल तर एकावरून आणि दुसऱ्याखालून जाणारी नागमोडी रेघ. शुद्धलेखनाच्या चुकीला गोल. आणि शंका असेल तिथे समासात प्रश्नचिन्ह.

या सगळ्यांत मोलाचे आहे ते शेवटचे प्रश्नचिन्ह. त्याचीच गोष्ट सांगतो.

तिसऱ्या भागात तिने एक वाक्य लिहिले होते : 'निरक्षरतेमुळे या स्त्रियांना आपल्या हक्कांची जाणीव नसते.' वाक्य शुद्ध होते. व्याकरणात खोट नव्हती. असली वाक्ये पुस्तकांत शेकड्यांनी सापडतात. मी समासात पेन्सिलीने लिहिले, 'हे तुला कोणी सांगितले? आईला विचारले का?'

चार दिवसांनी मायलेकी दोघी आल्या. माउली तावातच होती. म्हणाली, "भाऊ, आमाले जाणीव नोयती असं कोन म्हनते? कागदावर एक आकडा आन् हातात दुसरा, हे मले काय समजत नोयतं? घरच्या भिंतीवर कोयशानं रोजच्या रोज रेघ मारत होती मी. किती दिस भरले, किती पैसे भेटले, सारं माह्या ध्यानात हाये. पन बोललं का दुसऱ्या दिवशी काम बंद. लेकराईले काय खाऊ घालू?"

पोरगी मान खाली घालून ऐकत होती. नंतर तिने ते वाक्य खोडले आणि पुन्हा मुलाखतींना गेली. आता त्या जागी दोन पाने आहेत. जाणीव होती, हिशेबही होता, पण काम जाण्याची भीती त्याहून मोठी होती, असे त्यात बायांच्या तोंडून आले आहे. एका प्रश्नचिन्हामुळे प्रबंधाचा निष्कर्ष बदलला. 'भाषा सुधारा' या दोन शब्दांनी ते झाले नसते.

काही मुलांना लाल रेघ म्हणजे अपमान वाटतो. आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या 'तुम्हांला येत नाही' असेच ऐकवले गेले, त्यामुळे हे वाटणे मी समजू शकतो. पण परमपूज्य बाबासाहेबांकडे पाहा. लंडन विद्यापीठाला १९२२ मध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला. परीक्षकांना तो रुचला नाही आणि तो पुन्हा लिहून देण्यास सांगण्यात आले. जवळचे पैसे संपत आलेले. १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, येथून प्रबंध सुधारून पाठवला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळवली. मांडणी बदलली, निष्कर्ष सोडला नाही. त्या पुस्तकाला त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि त्यात आपले मतभेदही स्पष्ट नोंदवले. मतभेद असूनही जो वाचतो आणि लिहून सांगतो, तो खरा गुरू.

उलट बाजूही लक्षात ठेवा. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांच्या भाषणातील काही भाग गाळण्याची इच्छा दाखवली. तेव्हा ते स्वल्पविरामही बदलायला तयार झाले नाहीत. अधिवेशन रद्द झाले आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. म्हणजे दुरुस्ती कुठली घ्यायची आणि कुठली नाकारायची, हेही लिहिणाऱ्याने शिकले पाहिजे. मांडणी स्पष्ट होत असेल तर ती दुरुस्ती घ्यावी. सत्य बोथट होत असेल तर नाकारावी, आणि का नाकारली तेही समासात लिहावे.

आपली राज्यघटनाही खाडाखोडीतूनच तयार झाली. मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतील २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. हे आकडे खुद्द बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दिले आहेत. एवढ्या सूचनांना तोंड देणाऱ्या मसुदा समितीच्या अध्यक्षाचे आपण अनुयायी. मग दहा लाल रेघांनी डोळ्यांत पाणी का आणावे?

जुने मसुदे फेकू नका, असेही माझे कळकळीचे सांगणे आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन-भाषणांचे खंड काढले. वसंत मून यांनी त्यांच्या संपादनासाठी आयुष्य वेचले. अप्रकाशित लेखनाच्या खंडांत संपादकांनी ठिकठिकाणी नोंदवले आहे की टंकलिखित पानांवर बाबासाहेबांच्या हस्ताक्षरातील दुरुस्त्या आहेत. ती पाने रद्दीत गेली असती तर? शेवटच्या रात्रीही, ५ डिसेंबर १९५६ ला, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेची टंकलिखित पाने त्यांनी नानकचंद रत्तूंकडून मागून घेतली होती. म्हणून प्रत्येक मसुद्यावर तारीख आणि क्रमांक टाका, पहिला, दुसरा, तिसरा, आणि दोरीने बांधून ठेवा.

आता कारकुनाच्या अनुभवाचे चार शब्द. मसुदा कागदाच्या एकाच बाजूला, ओळींत दुप्पट अंतर सोडून छापावा आणि डावीकडे रुंद समास ठेवावा. पहिल्यांदा वाचताना हातात पेन घेऊच नये, आधी म्हणणे समजून घ्यावे. दुसऱ्यांदा पेन्सिल, नक्की चूक दिसली तरच लाल शाई. दोघे जण तपासत असतील तर दोघांची शाई वेगळी हवी. तक्त्यांच्या बेरजा स्वतः मारून पाहाव्यात. या मुलीच्या एका तक्त्यात टक्केवारीची बेरीज १०४ येत होती. तक्ता एका पानावर आणि त्याचे विवेचन तीन पाने पुढे होते. संगणकाच्या पडद्यावर ते तिच्या लक्षात आले नव्हते. सतरंजीवर पाने मांडली तेव्हा दोघांनाही दिसले. संगणकातही दुरुस्त्यांची नोंद ठेवता येते आणि ती सोय चांगलीच आहे. पण अडलेले प्रकरण एकदा कागदावर काढून पाहावे. पाने छापायला पैसे लागतात हे खरे, म्हणून सगळा प्रबंध नको, एका वेळी एकच प्रकरण.

एक पथ्य मात्र कडक पाळावे. दुरुस्त करणाऱ्याने प्रबंध लिहून देऊ नये. पैसे घेऊन प्रबंध लिहून देणारे बाजारात आहेत. त्यांच्या दारात जाऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे लेखनात १० टक्क्यांच्या वर उचलेगिरी आढळली तर प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो आणि ६० टक्क्यांच्या वर गेली तर नोंदणीच रद्द होते. पण नियमापेक्षाही मोठी गोष्ट अशी की दुसऱ्याने लिहिलेल्या प्रबंधात त्या माउलीची कोळशाची रेघ कधीच आली नसती.

ते प्रकरण तिने पुन्हा मार्गदर्शकांकडे दिले. या वेळी सोबत एक चिठ्ठी जोडली : 'सर, पान १२, ३१ आणि ४७ वर शंका आहे, कृपया समासात लिहून द्यावे.' पंधरा दिवसांत प्रकरण परत आले. तिन्ही पानांवर शाई होती. पान ४७ वर तर सरांनी अर्धा समास भरून टाकला होता. ती धावतच मला दाखवायला आली. असे नेमके विचारणेही शिकावे लागते.

आपल्या प्रत्येक वस्तीत एखादा निवृत्त शिक्षक, एखादा कारकून, एखादी बँकेतली ताई असते. रविवारी दोन तास बुद्धविहारात बसा. सतरंजी, पेन्सिली आणि खोडरबर एवढे पुरे. ज्या मुलामुलींचे लेखन अडले आहे त्यांना बोलवा. विषय कळला नाही तरी चालेल. 'हे मला समजले नाही' एवढे समासात लिहिले तरी ती मदतच आहे. आणि मुलांनो, पान लाल होऊन आले तर घरी लपवू नका. कोणीतरी तुमचे वाचले आहे.

जयभीम.