कंटेनर आपला, बंदर कोणाचे?

जुलै २०२५ मध्ये आपल्या गुजरातेतल्या वाडिनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीची ई-मेल व इतर सेवा मायक्रोसॉफ्टने अचानक थांबवली. युरोपीय संघाने कंपनीवर निर्बंध लादले होते, भारताने नव्हे. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सेवा पुन्हा सुरू झाली. पण पैसे भरलेली सेवाही दुसऱ्याच्या मर्जीवर चालते, हे सर्वांना दिसले.

यावर उपाय म्हणून आपल्याकडची आयटीतली मुले 'कंटेनर'चे नाव घेतात. बंदरावरचा कंटेनर आतला माल न हलवता ट्रकवरून रेल्वेवर, तिथून जहाजावर जातो. इथेही तसेच. प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या फाइली एकत्र बांधायच्या, मग तो कोणत्याही सर्व्हरवर चालतो. २०१३ साली आलेल्या डॉकरने ही पद्धत रूढ केली. असे शेकडो कंटेनर सांभाळणारे कुबरनेटीस गुगलने २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले केले.

मेख पुढे आहे. कंटेनर हलतो, पण त्याचा डेटाबेस आणि साठवण एखाद्या भाड्याच्या क्लाउडच्या खास पद्धतीची असेल, तर तो बंदरातच अडकतो. म्हणून खालचा थरही खुला हवा. नासा आणि रॅकस्पेस यांनी २०१० मध्ये सुरू केलेले ओपनस्टॅक त्यासाठीच आहे. त्यातून स्वतःच्या सर्व्हरवर स्वतःचा क्लाउड उभारता येतो. जिनिव्हाजवळची सर्न प्रयोगशाळा २०१३ पासून ते वापरते आणि त्यावर कुबरनेटीसही चालवते.

हे फुकट मात्र नाही. लायसन्स फी वाचते, पण जाणकार माणसांचे पगार, सर्व्हर, वीज आणि वेळोवेळीचे अपग्रेड यांचा खर्च कायमचा मागे लागतो. छोट्या सहकारी बँकेला एकटीने तो पेलणार नाही. अनेक बँकांनी मिळून केले तरच हिशेब जुळेल.

आयटी सेवा बाहेर देताना करार मोडून बाहेर पडण्याची योजना तयार हवी, असे रिझर्व्ह बँकेचे २०२३ चे निर्देश सांगतात. कर्ज देताना आपण परतफेडीची वाट आधी पाहतो, तसेच हे. आपल्यापैकी अनेक जण सहकारी बँकांचे भागधारक आहेत. येत्या वार्षिक सभेत लाभांशाबरोबर एवढे जरूर विचारावे: सेवा देणाऱ्या कंपनीने उद्या हात वर केले, तर आपली बँक किती दिवसांत दुसरीकडे उभी राहील, आणि याची चाचणी शेवटची कधी घेतली?