हे आपल्याकडे कधी वाजतं?

श्रीवर्धन तालुक्यातलं माझं गाव. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या स्पर्धेसाठी मी गावावर सात मिनिटांची फिल्म बनवली. सुपारीच्या वाड्या, मासळीचा लिलाव, जुम्म्याची नमाज पढून बाहेर पडणारे लोक. पार्श्वसंगीत नेटवरून फुकट उतरवलं. शोधताना 'मुस्लिम' हा शब्द टाकला होता. वाळवंटातून उंटांचा तांडा निघावा तशी धून मिळाली आणि मला ती शोभलीही. नानीने फिल्म पाहिली आणि विचारलं, "हे आपल्याकडे कधी वाजतं रे?"

मित्रांनो, ही सवय मला सिनेमा-मालिकांनी लावली. पडद्यावर टोपीवाला माणूस येतो, अजून एक शब्दही बोललेला नसतो, तोवर मागे अरबी धाटणीचा आलाप आणि जड ढोल सुरू होतो. तो गुन्हेगार आहे हे आपणही ओळखतो. संवाद आक्षेपार्ह असेल तर त्यावर बोट ठेवता येतं. पार्श्वसंगीतावर कोण बोट ठेवणार? ते कानातून आत जातं आणि मत बनवून मोकळं होतं.

संगीतकारापुढे दुसरा पर्याय नसतो, असं मात्र नाही. याचं उदाहरण आपल्याच किनाऱ्याच्या कथेत आहे. १९९३ च्या सुरुवातीला मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं दिघी आणि शेखाडीला उतरवली गेली. १२ मार्चला २५७ माणसं मेली. हा डाग खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. अनुराग कश्यपचा 'ब्लॅक फ्रायडे' याच कटावर आहे. तो २००७ मध्ये भारतात प्रदर्शित झाला. त्याचं संगीत 'इंडियन ओशन' या बँडचं. त्यातलं पीयूष मिश्रांनी लिहिलेलं 'बंदे' ऐका. ते कुठल्या जमातीकडे बोट दाखवत नाही, माणसाच्या वेडेपणावर रडतं. दंगलींवरच्या 'बॉम्बे' (१९९५) सिनेमासाठी ए. आर. रहमान यांनी केलेली थीमही तशीच. बासरी वाजते आणि दुःख कुणाचं, हिंदूंचं की मुसलमानांचं, हा प्रश्नच उरत नाही.

म्हणजे गोष्ट तीच असली तरी तिला भीतीचा सूर लावायचा की दुःखाचा, हे माणसं ठरवतात. माणसं ठरवतात, म्हणून त्यांना प्रश्न विचारता येतो. बंदीची मागणी करू नका. परीक्षण लिहा, दिग्दर्शकाला पत्र लिहा, मित्रांशी बोला. 'या पात्रामागे हेच संगीत का?' एवढं विचारलं तरी पुरे.

पण दुसऱ्याला विचारण्याआधी स्वतःला विचारावं लागतं. कोकणी मुसलमानांच्या लग्नघरात बायका आपल्या बोलीत गाणी म्हणतात. हळद, मेंदी, पाठवणी, प्रत्येकाची गाणी वेगळी. ती म्हणणाऱ्या आता म्हाताऱ्या झाल्यात आणि आपण त्यांच्या मांडवात डीजे लावतो. आपला आवाज आपणच जपला नाही, तर सिनेमावाला तो कुठून आणणार? तो उंटांचीच धून लावणार.

या सुट्टीत फोन घेऊन एखाद्या नानीपाशी, फुफूपाशी बसा. परवानगी घ्या, गाणं रेकॉर्ड करा, तिचं नाव आणि गाव लिहून ठेवा. मी सुरुवात केली आहे. माझ्या फिल्मला आता नानीचं मेंदीचं गाणं आहे. मध्ये एका ठिकाणी तिला खोकला येतो, तो मी कापलेला नाही.