टेकडी म्हणजे रिकामी जागा नव्हे!

१९९७ मध्ये भोवतालची तेवीस गावे पुणे महापालिकेच्या हद्दीत आली आणि बाणेर, पाषाण, बावधन, वारजे, कात्रज या भागांतील डोंगरउतार शहराचे झाले. या गावांच्या विकास आराखड्यात सुमारे ९७८ हेक्टर टेकड्या ‘जैवविविधता उद्याना’साठी राखण्यात आल्या. जागरूक पुणेकरांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०१५ मध्ये राज्य शासनाने या आरक्षणावर शिक्कामोर्तब केले. तरीही ‘जमीन पडून राहण्यापेक्षा थोडी घरे होऊ द्या’ हा सूर वारंवार उमटतोच.

‘थोडी घरे’ या शब्दांतच फसगत आहे. उतारावर घर एकटे येत नाही. त्याच्या आधी डोंगर कापून रस्ता जातो, मागाहून सांडपाण्याची वाहिनी आणि संरक्षक भिंत येते. कागदावर चार किंवा आठ टक्के दिसणारे बांधकाम प्रत्यक्षात सारी टेकडी पोखरते.

टेकडीचे मोल आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. अठराव्या शतकात पेशव्यांनी कात्रजच्या डोंगरातील पाणी तलावात अडवून भुयारी नळाने पुण्यात आणले. ज्या उतारांनी शहराची तहान भागवली, ते उतार उजाड झाले की तेच पाणी काळ बनून खाली येते. जून २०१३ मध्ये कात्रजपलीकडे शिंदेवाडीजवळ कापलेल्या डोंगरावरून आलेल्या लोंढ्यात महामार्गावरील एक माता आणि तिची चिमुकली वाहून गेली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काठावरच्या वस्त्यांत हाहाकार माजवला. त्या आपत्तीत शहर व परिसरात वीसहून अधिक जीव गेले. पाऊस निसर्गाचा होता. पण पाणी मुरण्याची जागा हिरावून घेणारे आणि ओढ्यांचे गळे आवळणारे हात माणसाचेच होते.

घरांची गरज खरी आहे, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु टेकडीवरच्या सदनिकेची किंमत ठरते ती वारा आणि देखावा यांवर. गिरणीतला कामगार वा नोकरीच्या शोधात आलेला तरुण तेथे घर घेऊ शकेल काय? त्याच्या नावाने टेकडी मागायची आणि ती विकायची मात्र धनवंताला, हा न्याय नव्हे.

मात्र दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. यातील बरीच जमीन खासगी मालकीची आहे. शहराच्या श्वासासाठी एखाद्या शेतकऱ्याने आपली जमीन सोडायची, तर तिचे मोल शहराने चुकवले पाहिजे. आठ टक्के हस्तांतरणीय विकास हक्काचा मोबदला जमीनमालकांना तुटपुंजा वाटला, यात नवल नाही. मोबदला रखडला की संपादन रखडते, आणि संपादन रखडले की गुंठे पाडून विकणाऱ्यांचे फावते. मग आरक्षण नकाशावर उरते आणि टेकडीवर पत्र्याच्या शेड उभ्या राहतात.

म्हणून मागणी दुहेरी हवी : बांधकामाला एक टक्काही सवलत नको आणि जमीनमालकाचा एक रुपयाही बुडता कामा नये. बाणेरच्या टेकडीवर तुकाईचे देऊळ आहे. भाविक पायऱ्या चढून देवीपुढे नतमस्तक होतो. पण ती टेकडी राखण्याचे व्रत घेतल्याविना ते दर्शन अपुरेच राहील. कापलेला डोंगर कोणताही ठराव पुन्हा उभा करू शकत नाही.