धनकोच्या रकान्यात बाईचं नाव

आमच्या गटाच्या एका बैठकीत एक मैत्रीण पिशवीतून कागदांची पुरचुंडी काढून बसली. वय अठ्ठावन्न. नवऱ्याने टाकल्याला वीस वर्षं होऊन गेली. खाणावळ चालवून तिने दोन मुली शिकवल्या, लग्नं करून दिली. वडिलांच्या जमिनीतला वाटा भावांकडून मिळवायला तिला अनेक वर्षं लागली. तो अखेर मिळाला आणि चार लाख रुपये तिच्या हातात आले. आयुष्यात पहिल्यांदा एवढी रक्कम, आणि तीही फक्त तिची. तिचा प्रश्न साधा होता : "हे पैसे ठेवू कुठं?"

सल्ल्यांना तोटा नव्हता. भाऊ म्हणत होता, गावच्या पतसंस्थेत ठेव, व्याज जास्त मिळतं. भाचा म्हणत होता, शेअर घे. जावई म्हणत होता, मला धंद्याला दे, महिन्याला तुला देत जाईन. बैठकीतल्या एकीने सुचवलं, "सरकारी रोखे घे की!" आणि सगळ्याजणी हसल्या. "ते आपलं काम नव्हे बाई, ते बँकांचं आणि मोठ्या लोकांचं."

त्या हसण्यात मीही होते. नंतर मात्र ते मनात सलत राहिलं. हुंडा, पोटगी, संपत्तीतला वाटा यांवर आपण वर्षानुवर्षं बोललो, भांडलो, मोर्चे काढले. 1994 साली महाराष्ट्राने आणि 2005 साली देशाने हिंदू वारसा कायद्यात बदल करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. पण वाटा मिळाल्यावर बाईने त्याचं काय करायचं, हा प्रश्न आपण भावा-भाच्यांवर सोडून दिला. मला वाटतं, ही आपल्या चळवळीतली एक मोठी फट आहे. मिळवलेला हक्क या फटीतूनच पुन्हा गळून जातो.

रोखा म्हणजे काय ते आधी पाहू. सरकारला खर्चाला पैसे कमी पडले की ते कर्ज काढतं. त्या कर्जाची चिठ्ठी म्हणजे रोखा. सरकार लिहून देतं की अमुक वर्षांनी मुद्दल परत करीन आणि तोवर दर सहा महिन्यांनी ठरलेलं व्याज देईन. म्हणजे सरकार ऋणको आणि रोखा घेणारी धनको. 91, 182 आणि 364 दिवसांच्या चिठ्ठ्याही असतात, त्यांना ट्रेझरी बिल म्हणतात. त्यांवर वेगळं व्याज नसतं. समजा आज 9,870 रुपये भरले, तर 91 दिवसांनी 10,000 मिळतात. फरक हेच व्याज. केंद्र सरकार असं कर्ज काढतं तशी राज्यंही काढतात. महाराष्ट्राचे रोखेही बाजारात येतात आणि त्यांचा दर बहुधा केंद्राच्या रोख्यांपेक्षा थोडा जास्त असतो.

आता हे "आपलं काम नव्हे" म्हणणं किती खरं आहे? खरं तर बाई सरकारला कर्ज देतच आली आहे. पोस्टातलं आवर्ती खातं, मासिक प्राप्ती योजना, राष्ट्रीय बचत पत्र, हे सगळे पैसे सरकारच वापरतं. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना 1972 पासून चालू आहे. तिच्या एजंट बाया दारोदार फिरून, उन्हातान्हात जिने चढून पोस्टाचे हप्ते गोळा करत आल्या. सरकारी तिजोरीत थेंबाथेंबाने पैसा आणून ओतण्याचं काम याच बायांनी केलं. बँकेतल्या ठेवीचंही तेच. कायद्याने बँकांना ठेवींचा एक हिस्सा मुख्यतः सरकारी रोख्यांत गुंतवावाच लागतो. 2020 च्या एप्रिलपासून तो 18 टक्के झाला. म्हणजे आपण बँकेत 100 रुपये ठेवले की त्यातले अठराएक रुपये सरकारला कर्जाऊ जातातच. रोख्याचं व्याज बँक घेते, त्यातलं काही स्वतःकडे ठेवते आणि उरलेलं आपल्याला देते. धनको आपण आहोतच, फक्त वहीत नाव दुसऱ्याचं आहे.

पूर्वी या बाजाराचं दार आपल्यासारखीला बंदच असल्यासारखं होतं. सौदे कोटींचे, बोली लावणाऱ्या बँका आणि विमा कंपन्या. 12 नोव्हेंबर 2021 ला रिझर्व्ह बँकेने "रिटेल डायरेक्ट" नावाची सोय सुरू केली आणि कोणाही व्यक्तीला थेट रिझर्व्ह बँकेकडे रोख्यांचं खातं उघडता येऊ लागलं. खातं उघडायला आणि चालवायला शुल्क नाही. दलाल नाही. कमीत कमी रक्कम 10,000 रुपये. पॅन कार्ड, स्वतःचं बचत खातं, पत्त्याचा पुरावा, मोबाईल आणि ईमेल एवढं लागतं. 2024 च्या मे महिन्यात याचं मोबाईल ॲपही आलं.

लिलाव म्हटलं की आपल्याला धडकी भरते. पण इथे आपल्याला दर सांगावा लागत नाही. मोठ्या बँका बोली लावतात, आपण फक्त "मला इतक्या रुपयांचे हवेत" एवढंच नोंदवायचं. लिलावात जो सरासरी भाव ठरेल त्या भावाने आपल्याला रोखा मिळतो. केंद्राच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांत 5 टक्के हिस्सा अशा लहान मागणीसाठी राखून ठेवलेला असतो. ट्रेझरी बिलांचा लिलाव बहुतेक बुधवारी, राज्यांच्या रोख्यांचा मंगळवारी, केंद्राच्या रोख्यांचा शुक्रवारी. भाजीबाजाराचा वार लक्षात ठेवणाऱ्या बाईला हे जड नाही.

दुसरा एक प्रकार त्याहून सोपा आहे. तो म्हणजे बदलत्या दराचे बचत रोखे. हे 1,000 रुपयांपासून मिळतात आणि स्टेट बँकेत किंवा इतर राष्ट्रीयीकृत बँकांतही घेता येतात. मुदत सात वर्षं. राष्ट्रीय बचत पत्राच्या दरापेक्षा 0.35 टक्के जास्त व्याज, आणि तो दर 1 जानेवारी व 1 जुलै असा वर्षातून दोनदा ठरतो. 2023 च्या जुलैत तो 8.05 टक्के झाला. पण हे रोखे विकता येत नाहीत, तारण ठेवता येत नाहीत. मुदतीआधी पैसे काढण्याची सोय फक्त साठीच्या पुढच्यांना आहे आणि तीही काही वर्षं थांबून. अडीनडीचा पैसा यात अडकवू नये.

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी, कारण बायकांना गोड बोलून कागद विकणाऱ्यांची कमी नाही. सरकारी रोख्यात मुद्दल बुडण्याची भीती जवळजवळ नाही, हे खरं. पण ते मुदतीपर्यंत थांबणारीसाठी. मधेच विकायला गेलं तर भाव कमी मिळू शकतो. समजा, 7 टक्के व्याजाचा दहा वर्षांचा 10,000 चा रोखा घेतला. वर्षाला 700 रुपये, दर सहा महिन्यांना 350. उद्या बाजारात 8 टक्क्यांचे रोखे आले, तर आपला 7 टक्क्यांचा कागद पूर्ण किमतीला कोण घेईल? भाव साधारण 9,300 च्या आसपास येईल. मुदत जितकी लांब, तितका हा हेलकावा मोठा. दर उतरले तर उलटं होऊन भाव चढतो. शिवाय दहा हजाराच्या कागदाला हव्या त्या दिवशी गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. महागाईची झीजही आहेच. म्हणून दवाखान्याचा आणि मुलीच्या फीचा पैसा बचत खात्यात किंवा छोट्या मुदतीतच ठेवावा. साठी ओलांडलेलीने आधी पोस्टातली ज्येष्ठ नागरिकांची योजना पाहावी, बहुतेकींना तीच सोयीची पडते. आणि जिची महिन्याची शिल्लक दोनशे रुपये आहे तिला रोख्यांचं व्याख्यान देऊ नये. तिचा प्रश्न मजुरीच्या दराचा आहे.

पण धोक्याचं म्हणाल तर मला एक विचारायचंय. बाईचा पैसा आजवर कुठे बुडाला? 2019 च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त 1,000 रुपये काढायची मुभा होती. 2025 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेबाहेर पुन्हा तशाच रांगा लागल्या. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा तरी आहे. गावोगावच्या पतसंस्थांतल्या ठेवींना या विम्याचं छत्र नाही. आणि त्याआधी बाईचा पैसा घरातच बुडालेला असतो. पाटल्या गहाण पडतात, मंगळसूत्र मोडतं, दिराच्या धंद्याला दिलेले पैसे "घरातलेच" म्हणून कधी परत येत नाहीत. सोनं अंगावर बाईच्या, पण कपाटाची किल्ली कोणाकडे? या धोक्याचा इशारा कुठल्याच जाहिरातीच्या तळाशी छापलेला नसतो. रोख्याचं एक वैशिष्ट्य असं की तो कोणाला हातातून ओढून नेता येत नाही. तो तिच्या नावावर नोंदलेला असतो आणि व्याज तिच्याच बँक खात्यात जमा होतं.

निदान तसं व्हायला हवं. कारण खरी मेख इथेच आहे. आमच्या गटात आम्ही मिळून खातं उघडायला बसलो, तेव्हा कळलं की निम्म्याहून अधिक जणींच्या बँक खात्याला जोडलेला मोबाईल नवऱ्याचा किंवा मुलाचा. म्हणजे पैसे काढायचा सांकेतिक आकडा त्यांच्या हातात. काहींचं पॅन कार्ड होतं, पण ते कुठल्या खणात आहे ते "ह्यांना" माहीत. ईमेल तर बहुतेकींचा भाच्याने किंवा सुनेने काढलेला, परवलीचा शब्द त्यांच्याकडे. सही आपली आणि किल्ली दुसऱ्याची, हे सोन्याच्या कपाटात होतं तेच मोबाईलमध्ये आलं.

उलट बाजूही पाहा. बायकोच्या नावाने गुंतवणूक करणारे नवरे कमी नाहीत. कर वाचेल असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशावरचं व्याज कायदा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतो. पण अशा कागदांवर बायका न वाचता सह्या करत राहतात. नाव असणं म्हणजे हक्क असणं नव्हे, हे आपल्याला सातबाऱ्यापासून माहीत आहे. कागद वाचता येणं, व्याज कधी येतं ते ठाऊक असणं आणि हवं तेव्हा तो पैसा कोणाला न विचारता वापरता येणं, या तिन्ही गोष्टी जमल्या तर ते नाव खरं.

काही मैत्रिणींचा आक्षेप वेगळा आहे, आणि तो मी हलका मानत नाही. त्या विचारतात, ज्या सरकारच्या धोरणांविरुद्ध आपण रस्त्यावर उतरतो, त्यालाच आपण कर्ज द्यायचं? माझं उत्तर असं की कर्ज आपण देतोच आहोत, बँकेच्या आणि पोस्टाच्या आडून. प्रश्न उरतो तो ते जाणतेपणी द्यायचं की अजाणता. 1962 च्या युद्धात बायांनी अंगावरचे दागिने उतरवून संरक्षण निधीला दिले. दान मागताना राज्यकर्त्यांना बाईचा पत्ता बरोबर सापडतो. 2024 च्या जुलैपासून महाराष्ट्रात "लाडकी बहीण" योजनेचे महिन्याला 1,500 रुपये सुरू झाले. गरजू बाईला ते मिळालेच पाहिजेत, त्याला माझा विरोध नाही. पण त्या यादीत तिचं नाव "लाभार्थी" म्हणून लागतं. दान देणारी आणि लाभ घेणारी, या दोनच रूपांत सरकार बाईला ओळखतं. हिशेब विचारणारी धनको हे तिसरं रूप. केंद्राच्या अर्थसंकल्पात 2005-06 पासून स्त्रियांसाठीच्या तरतुदींचं वेगळं पत्रक जोडलं जातं. ते आपल्यातल्या किती जणींनी उघडून पाहिलं? जिचे दहा हजार त्यात गुंतलेत, ती कदाचित उघडेल.

म्हणून माझं म्हणणं आहे की ही गोष्ट आपल्या शिबिरांत यावी, कायद्याच्या सत्राशेजारी. सुरुवात रोख्यापासून नकोच. पहिल्या बैठकीत प्रत्येकीने आपलं पासबुक, पॅन आणि मोबाईल घेऊन यावं आणि तिन्ही गोष्टी खरोखर आपल्या हातात आहेत का ते तपासावं. नसतील तर आधी ते काम. नॉमिनी म्हणून कोणाचं नाव आहे, तेही पाहावं. परित्यक्ता मैत्रिणींच्या कागदांवर आजही टाकून गेलेल्या नवऱ्याचं नाव निघतं. मग पुढच्या बैठकीत दहा हजाराचं एखादं ट्रेझरी बिल एकीने सगळ्यांसमोर घेऊन दाखवावं.

आणि मागण्याही कराव्यात. रिटेल डायरेक्टचं खातं फक्त व्यक्तीला उघडता येतं, बचत गटाला नाही. महिना शंभर-दोनशे साठवणाऱ्या बाया मिळून दहा हजार सहज उभे करतात, पण गटाच्या नावाने त्यांना तिथे प्रवेश नाही. तो मिळायला हवा. आणि यील्ड, कट-ऑफ, कूपन हे शब्द आपल्या बायांना समजतील अशा मराठीत सांगणारं माणूस गावच्या बँकेत आणि पोस्टात बसलेलं हवं.

आमच्या त्या मैत्रिणीचं काय झालं? पहिलं काम तिने केलं ते नवीन सिमकार्ड घेण्याचं, कारण तिच्या खात्याला भाच्याचा नंबर होता. एक लाख बचत खात्यात आणि छोट्या ठेवीत ठेवले, दीड लाख पोस्टात. उरलेले दीड लाख तिने रोख्यांत घातले, थोडे कमी मुदतीचे, थोडे दहा वर्षांचे. जावई काही दिवस रुसला. पहिलं व्याज जमा झाल्याचा संदेश तिच्या स्वतःच्या फोनवर आला, तो तिने बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवला. रक्कम लहान होती. तरी या वेळी कोणी हसलं नाही. एकीने विचारलं, "पुढचा लिलाव कधी आहे गं?"