रिंग कुठे बसवलीय?

आपला मोबाइल दोन वर्षांत म्हातारा होतो. त्यामुळे मिनेसोटात ताईच्या शेजारच्या आजोबांनी १९५० च्या दशकातली शॉटगन दाखवली, तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, ‘चालते का हो?’ ते हसलेच.

ब्राउनिंग ऑटो-५. जॉन ब्राउनिंगचं हे डिझाइन १९०२ पासून बेल्जियमच्या एफएन कारखान्यात बनायला लागलं आणि थेट १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकलं. बार उडाला की हिची अख्खी नळी बोल्टसकट मागे सरकते. तो दणका झेलतात पुढच्या लाकडाखालची स्प्रिंग आणि घर्षणाच्या रिंगा. काडतूस हलकं की जड, त्याप्रमाणे रिंगेची जागा बदलायची. बस्स, एवढंच पथ्य!

आजोबांच्या वडिलांनी ते जन्मभर पाळलं. ते गेल्यावर आजोबांनी बंदूक साफ केली, रिंग हलक्या काडतुसांच्या जागी ठेवली आणि जड काडतुसं भरली. पोलादाला काही झालं नाही, पण लाकूड उभं तडकलं. वडिलांच्या हाताने गुळगुळीत झालेलं लाकूड. त्यांनी ते चिकटवलं, जुनी स्प्रिंग बदलली आणि पेटीच्या झाकणाला आतून रिंगेचं चित्र लावलं. मुलासाठी म्हणे.

मुलगा शिकागोत असतो. त्याला बंदूक नकोय, हे ताईला माहितीये. आजोबांनाही असावं.