दोषाचे बीज आरंभीच शोधावे

चांद्रयान-२ मधील 'विक्रम' यान ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चंद्रावर आदळले. बंगळूरच्या नियंत्रणकक्षातून त्यास सावरणे अशक्य होते; उतरण्याच्या अखेरच्या मिनिटांत यान सर्वस्वी आपल्या आज्ञावलीच्या स्वाधीन असते. इंजिनांनी अपेक्षेहून अधिक जोर लावला व चुका साचत गेल्या. त्या निस्तरण्यास यानाने झपाट्याने वळावयास हवे होते. परंतु वळण्याच्या वेगास आज्ञावलीनेच मर्यादा घातली होती. शिवाय उतरण्याची जागा अवघी ५०० मीटर लांब-रुंद!

ही मर्यादा काही त्या पहाटे उद्भवली नव्हती. ती आखणीच्या कागदावरच होती, आणि तेथे ती शहाणपणाचीही वाटली असेल. दोष बहुधा अशा गृहीतकांतच दडून राहतो. आज्ञावली लिहून झाल्यावरची परीक्षा तीच गृहीतके धरून चालते. चांद्रयान-३ ची आखणी म्हणूनच 'काय काय बिघडू शकेल' या प्रश्नापासून झाली. जागाही ४ किलोमीटर लांब व २.४ किलोमीटर रुंद घेतली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते यान सुखरूप उतरले.

बँका व रुग्णालये यांच्या आज्ञावल्याही याच नगरीत रचल्या जातात. तेथे हा प्रश्न पुष्कळदा शेवटच्या आठवड्यात विचारला जातो, हे मात्र अनाकलनीय आहे.